बँकॉकचं वाट अरुण : जाण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँकॉकला निघालेले नातेवाईक, शेजारी, विहारातली मंडळी गेल्या काही वर्षांत मला वाट अरुणबद्दल हमखास विचारतात. सगळ्यांना तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून हे.

वाट अरुण म्हणजे नेमकं काय? कुठे आहे?

थाई भाषेत 'वाट' म्हणजे भिक्खूंचा निवास असलेलं मंदिर, आपल्या शब्दांत विहार आणि मठ दोन्ही. बँकॉकच्या मधून चाओ फ्राया नदी वाहते. तिच्या पश्चिम काठाला थोनबुरी म्हणतात आणि तिथे अगदी पाण्याला लागून वाट अरुण उभं आहे. राजवाडा आणि पहुडलेल्या बुद्धाचं वाट फो समोरच्या, म्हणजे पूर्वेच्या काठावर.

आज ज्या पात्राकाठी हे मंदिर दिसतं, तो मुळात नदीचा प्रवाह नव्हताच. चाओ फ्राया इथे मोठा वळसा घेऊन जायची. गलबतांचा तो फेरा वाचावा म्हणून १६व्या शतकात अयुथ्थयाच्या, म्हणजे तेव्हाच्या राजधानीच्या, राजाने मधून कालवा खणला. पाण्याला जवळची वाट मिळाली, कालवा रुंदावत गेला आणि तीच मुख्य नदी झाली. जुना वळसा आता 'ख्लाँग' म्हणजे कालवा म्हणून उरला आहे. मंदिराच्या दक्षिणेला ख्लाँग बँकॉक याईचं तोंड दिसतं, ते त्याच जुन्या नदीचं.

हे नावातलं 'अरुण' आपलंच का?

आपलंच. सूर्याचा सारथी अरुण, अरुणोदयातला अरुण. पूर्वी या जागेचं नाव वाट माकोक होतं. १७६७ साली ब्रह्मी फौजांनी अयुथ्थया जाळलं. त्यानंतर ताकसिन हा सेनानी आपली माणसं घेऊन नदीने खाली आला आणि या मंदिरापाशी पोचला तेव्हा झुंजुमुंजू होत होतं, असं परंपरा सांगते. त्याने थोनबुरीला राजधानी केली, मंदिराला खेटून वाडा बांधला आणि मंदिराचं नाव पडलं वाट चेंग, म्हणजे पहाटेचं मंदिर. पुढे चक्री या आजच्या राजघराण्याच्या चौथ्या राजाच्या काळात आजचं संस्कृत वळणाचं नाव आलं.

पाचूचा बुद्ध म्हणून जी मूर्ती जगभर ओळखली जाते, ती १७७९ साली लाओसमधल्या व्हिएंतिआनहून आणली गेली आणि राजवाड्याजवळच्या वाट फ्रा केओत जाण्याआधी काही वर्षं इथेच होती. १७८२ मध्ये पहिल्या रामाने (चक्री राजांना 'राम' म्हणून क्रमांकाने ओळखतात) राजधानी पलीकडच्या काठावर नेली, त्यानंतर मूर्तीही गेली.

शब्दांचं सांगायला घेतलं की मला आवरत नाही, पण माझ्या मते मराठी माणसाने बँकॉकला जाताना हीच शिदोरी सोबत न्यावी. तुमचं विमान उतरतं तो विमानतळ 'सुवर्णभूमी', स्थानिक उच्चार सुवन्नफूम. अयुथ्थया म्हणजे अयोध्या. बँकॉकचं थाई नाव क्रुंग थेप, यातला 'थेप' म्हणजे देव. एप्रिलमधला पाण्याचा सण 'सोंगक्रान', ती संक्रांत. नमस्कारासाठीचा 'सवात्दी' हा स्वस्तीवरून घडवलेला शब्द. एकदा हे कानाला लागलं की परक्या शहरात आपण एकदम परके राहत नाही. मग मंदिरही वेगळं दिसायला लागतं.

पहाटेचं मंदिर आहे, तर पहाटेच जायचं का?

मंदिर सकाळी ८ ला उघडतं आणि संध्याकाळी ६ ला बंद होतं, त्यामुळे सूर्योदयाला आत जाता येत नाही. पण नदीच्या पूर्व काठावर पहाटे उभं राहायला कोणाची आडकाठी नाही. मंदिराचं तोंड नदीकडे, पूर्वेला आहे. सकाळचं ऊन थेट त्याच्या अंगावर पडतं आणि चिनी मातीच्या तुकड्यांमधला हिरवा, पिवळा, गुलाबी रंग उजळतो. संध्याकाळी त्याच काठावरून पाहिलं तर सूर्य मंदिराच्या मागे बुडतो. तेव्हा रंग दिसत नाहीत, दिसते ती काळी रेखाकृती, आणि थोड्या वेळाने दिवे लागले की सोनेरी मंदिर.

प्रवास कंपन्या बहुतेक सगळ्यांना संध्याकाळी नेतात. मला विचाराल तर आत जायचं ते सकाळी ८ ते ९ मध्ये, आणि संध्याकाळी समोरच्या काठावरून पुन्हा पाहायचं. दुपारी १२ ते ३ टाळा. अंगणातली फरशी तव्यासारखी तापते.

जायचं कसं?

उत्तम मार्ग नदीचा. बीटीएस या उन्नत रेल्वेने सफान ताकसिन स्थानकावर उतरा. जिन्याखालीच सातॉर्नचा धक्का आहे. तिथून नारिंगी झेंड्याची बोट घ्या, भाडं साधारण १६ बाट (थाई चलन). ही बोट शहरातल्या नोकरदारांची असल्याने गर्दी असते. धक्क्याला लागली की क्षणभर थांबते आणि सुटते, म्हणून उतरायच्या आधीच दाराशी या. त्याच धक्क्यावर पर्यटकांसाठीच्या महागड्या बोटींची तिकिटंही विकतात. त्या वाईट नाहीत, पण गरज नाही.

मेट्रोने यायचं तर निळ्या मार्गावरचं सनाम चाय स्थानक. हे वाट फोच्या बाजूला आहे. तिथून चालत ता तियनच्या धक्क्यावर यायचं आणि नदी ओलांडायची. नदीखालून पुढे जाऊन इत्सराफाप स्थानकावर उतरलं तर पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं, पण थोनबुरीच्या शांत वस्तीतून.

ता तियनहून पलीकडे नेणारी छोटी बोट मात्र चुकवू नका. कोकणात खाडी ओलांडायला होडी ('तर') असते, तशीच ही. पाचेक बाट द्यायचे, फळकुटावर बसायचं, इंजिनाची धडधड आणि पाण्याचा वास. शाळेची मुलं, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका, मध्येच एखादे भगव्या चीवरातले भंते. आधी टोकदार सुळका दिसतो, मग त्यावरची नक्षी, मग नक्षीतला एकेक तुकडा. दोन-तीन मिनिटांचा हा प्रवास मला संपूच नये असं वाटतं.

तिकीट किती?

परदेशी माणसाला सध्या २०० बाट. खिडकीवर रोख ठेवा. दर गेल्या काही वर्षांत ५० वरून टप्प्याटप्प्याने इथवर आला आहे, तेव्हा तुम्ही जाल तेव्हा थोडा वेगळा असू शकतो. खिडकीवरची पाटी पाहा, दलालाचं ऐकू नका.

कोणी म्हणालं, 'आज मंदिर बंद आहे', तर?

तर हात जोडा आणि चालू लागा. राजवाडा, वाट फो आणि ता तियनच्या आसपास हा धंदा वर्षानुवर्षं चालतो. माणूस नीटनेटका असतो, इंग्रजी बरं बोलतो, आपुलकीने विचारतो कुठून आलात. मग सांगतो की आज पूजा आहे, दुपारी उघडेल, तोवर टुकटुकने, म्हणजे तिथल्या रिक्षाने, दुसरं मंदिर दाखवतो, फक्त २० बाट. पहिल्या खेपेला मी आईला घेऊन असाच एकाच्या टुकटुकमध्ये बसले. एक छोटं मंदिर झालं, मग रत्नांचं दुकान, मग शिंप्याचं दुकान. आई उन्हात दमून गेली आणि अख्खी सकाळ हातची गेली. वाट अरुण त्या दिवशी उघडंच होतं. पैशांपेक्षा मला आईच्या त्या सकाळीचं अजून वाईट वाटतं. म्हणून इतकं सविस्तर लिहिते आहे.

मंदिर उघडं की बंद, हे फक्त मंदिराच्या दारावर कळतं.

कपडे कोणते घालावेत?

खांदे आणि गुडघे झाकलेले. साडी, सलवार-कुर्ता, साधी पँट आणि शर्ट, सगळं चालतं. बिनबाह्यांचे कपडे आणि आखूड चड्ड्या चालत नाहीत. ऐनवेळी गुंडाळायला कापड दारापाशी मिळतं, पण ओढणी किंवा पंचा सोबत असला की प्रश्न मिटला. चपला काढाव्या लागतात, म्हणून पटकन निघतील अशा घाला.

तो उंच सुळका म्हणजे काय? त्यावर काय पाहायचं?

त्याला 'प्रांग' म्हणतात. ही घडण मूळची ख्मेर, कंबोडियाकडची. मधला मोठा प्रांग, चार कोपऱ्यांत चार छोटे. आधीचा प्रांग लहान होता. दुसऱ्या रामाने तो वाढवायला घेतला आणि तिसऱ्या रामाच्या काळात, १९व्या शतकाच्या मध्याला, तो आजच्या उंचीला गेला. ही उंची कुठे ६७ मीटर दिलेली आढळते, तर कुठे ८६. मोजायची सुरुवात कुठून केली त्यावर आकडा बदलतो. रचना मेरू पर्वताची आहे. खाली जग, वर एकेक लोक, टोकाला आकाशात घुसलेलं सात पात्यांचं त्रिशूळ.

हे सगळं लांबून दिसतं. पण या मंदिराचा खरा आनंद एका वितीच्या अंतरावर आहे. पायऱ्यांच्या बाजूची कोणतीही भिंत निवडा आणि नाक लावून पाहा. लांबून जे फूल दिसतं, ते जवळून फुटक्या बशीचं निघतं. मधला गोल म्हणजे एखाद्या वाटीचा तळ, अजून त्याची कड उंचवट्यासारखी हाताला लागते. पाकळ्या म्हणजे बशीच्या काठाचे तासून घेतलेले तुकडे, आणि त्यांवर निळ्या रेघांनी काढलेली मूळची चिनी वेल अर्धवट कापलेली दिसते. एका पाकळीवर वेलीचं टोक आहे, शेजारच्या पाकळीवर भलत्याच भांड्यावरचा लाल ठिपका. मधून मधून शिंपले बसवले आहेत. पांढरा चुना कारागिराच्या बोटाने दाबला गेला असेल तिथे किंचित खोलगट आहे.

चीनहून बँकॉकला येणाऱ्या गलबतांच्या तळाशी, तोल राहावा म्हणून, चिनी मातीची भांडी वजनासाठी भरलेली असत, असं सांगतात. फुटकी भांडी उतरवली गेली आणि कारागिरांनी त्यातून पर्वत सजवला. लोकांच्या घरात जेवणाच्या ताटात वाढलं गेलं असतं, ते इथे बुद्धाच्या मेरूवर फूल होऊन बसलं. मी दर वेळी एकच पॅनल घेऊन पंधरा मिनिटं पाहते. तुम्हीही एवढं कराच.

त्याच्या वरच्या बाजूला पाहिलंत तर प्रांगचा भार खांद्यावर पेललेल्या यक्षांच्या आणि वानरांच्या रांगा आहेत. गुडघे वाकलेले, हात वर, चेहऱ्यावर ओझ्याचा ताण. कोनाड्यांत किन्नर.

२०१३ ते २०१७ या काळात मोठी दुरुस्ती झाली. परत उघडल्यावर मंदिर फार पांढरं केलं, जुना रंग गेला, अशी टीका थायलंडमध्येच बरीच झाली. जुनी छायाचित्रं पाहून गेलात तर फरक जाणवेल. आता पावसापाण्याने ते पुन्हा थोडं मऊ दिसायला लागलं आहे.

वरपर्यंत चढता येतं का? गुडघे दुखतात त्यांनी काय करावं?

टोकापर्यंत नाही. खालच्या टप्प्यावर जाता येतं, त्यापुढच्या अरुंद पायऱ्या पर्यटकांसाठी बंद असतात. ज्या पायऱ्या उघड्या आहेत त्याही उभ्या आहेत, एकेक पायरी जवळजवळ गुडघ्याला येते. चढणं जमतं, उतरताना धडकी भरते. कठड्याला धरून, तोंड पायऱ्यांकडे करून उतरा.

माझी आई पासष्टीची. ती वर चढली नाही आणि तिचं काही चुकलंही नाही. बाग, नदीकाठ, उपोसथागार (बुद्धमूर्ती असलेलं मुख्य सभागृह) आणि प्रांगचा खालचा भाग सपाटीवर आहे. चाकाची खुर्ची अंगणात फिरते. बोटीत चढउतार करताना मात्र दोन माणसं मदतीला हवीत, कारण धक्का हलता असतो. अशांनी मोटारीने अरुण अमरिन रस्त्याच्या बाजूने यावं.

बौद्ध मंदिरात इंद्र, त्रिशूळ, रावण कसे काय?

आमच्याकडच्या माणसांचा हा पहिला प्रश्न असतो आणि तो रास्त आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या, हिंदू देवदेवतांना न मानण्याच्या बावीस प्रतिज्ञा म्हणत आम्ही वाढलो. त्या डोक्यात ठेवून वाट अरुणच्या दारात गेलं की समोर हिरव्या तोंडाचा अक्राळविक्राळ रावण उभा! त्याचं थाई नाव थोत्सकान, म्हणजे दशकंठ. शेजारचा पांढरा तो सहस्सदेचा, आपल्या भाषेत सहस्रतेज. दोघेही थाई रामायणातले, ज्याला ते रामाकियन म्हणतात. इथे त्यांचं काम द्वारपालाचं आहे. हातात गदा टेकून ते उपोसथागाराचं दार राखतात. त्यांची कोणी पूजा करत नाही, आरती नाही, नैवेद्य नाही.

प्रांगवर वर पाहिलं तर तीन सोंडांच्या हत्तीवर इंद्र आहे. तो हत्ती एरावन, म्हणजे ऐरावत. छोट्या प्रांगांमध्ये घोड्यावर बसलेला वायू, थाई नाव फ्रा फाय. पण पाली ग्रंथांतला इंद्र आठवा. त्याला तिथे 'सक्क' म्हणतात, तो बुद्धाकडे प्रश्न घेऊन येतो, ऐकतो, वंदन करून जातो. थेरवादी, म्हणजे श्रीलंका-थायलंडकडच्या बौद्ध परंपरेत देव असले तरी ते बुद्धाच्या खालचे, स्वतःही जन्ममरणाच्या फेऱ्यातले. इथला इंद्र हा तसा उपासक आहे. ख्मेर राजांकडून आलेली देवळं, भारतातून समुद्रमार्गे गेलेल्या कथा आणि श्रीलंकेकडून आलेला थेरवाद, हे तिन्ही थरांवर थर बसून सयाममध्ये, म्हणजे जुन्या थायलंडमध्ये, जे तयार झालं, ते हे. आमचा नवयान, म्हणजे बाबासाहेबांनी दिलेला बौद्ध धम्म, एका वेगळ्या लढ्यातून आला, जातीच्या चटक्यातून आला. दोन्हींचा इतिहास वेगळा आहे आणि दोन्हीकडे बुद्ध एकच आहे. मी या प्रश्नावर पुष्कळ विचार केला आणि आता मला तिथे उभं राहताना अडचण वाटत नाही. तुम्हाला वाटली तर प्रांगभोवतीच्या चार मंडपांपासून सुरुवात करा. त्यांत जन्म, संबोधी, पहिलं प्रवचन आणि महापरिनिर्वाण हे चार प्रसंग आहेत. लुंबिनी, बोधगया, सारनाथ, कुशीनगर. ते समजावून सांगायला कोणी वाटाड्या लागत नाही.

आत बसून वंदना म्हणता येते का?

येते, आणि जरूर म्हणा. पर्यटकांची सगळी गर्दी प्रांगपाशी असते. दारावरच्या दोन यक्षांच्या, म्हणजे त्या रावण आणि सहस्रतेजाच्या, मधून आत गेलात की उपोसथागार लागतं, सभोवार ओवऱ्यांत बुद्धमूर्तींची रांग. मुख्य मूर्तीचा चेहरा दुसऱ्या रामाने स्वतःच्या हाताने घडवला असं मानतात आणि त्याच्या अस्थी त्याच मूर्तीच्या बैठकीत आहेत. भिंतींवर बुद्धचरित्राची चित्रं आहेत.

आई पहिल्यांदा आत आली तेव्हा इतका वेळ गप्प होती. देवांच्या त्या पर्वतापाशी तिने मला हळूच विचारलं होतं, 'अगं पण बुद्ध कुठंय?' आत आल्यावर तिने पदर सावरला, वज्रासनात बसली आणि तीनदा पंचांग प्रणाम केला. शेजारी एक थाई आजी बसल्या होत्या, त्यांनीही तसाच केला. कपाळ, दोन्ही तळवे, दोन्ही गुडघे जमिनीला. थाई भाषेत याचं नाव 'बेन्चांगखप्रदित', त्यात आपला पंचांग स्पष्ट ऐकू येतो. आईने बारीक आवाजात सुरुवात केली, 'नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स'. दुसऱ्या 'नमो तस्स'ला आजींचा आवाज मिसळला. 'बुद्धं सरणं गच्छामि' म्हणताना आईचं 'बुद्धं' आणि त्यांचं 'फुत्थंग', आईचं 'गच्छामि' आणि त्यांचं 'खच्छामि'. लय जराशी वेगळी, त्या आमच्यापेक्षा सावकाश म्हणत होत्या. आईने आपली लय कमी केली. 'ततियम्पि'पर्यंत दोघी बरोबर आल्या होत्या.

दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. निघताना आजींनी आईच्या हातात कमळाची एक कळी ठेवली. बाहेरच्या पाकळ्या आतल्या बाजूला दुमडून घडी केलेली, तिथे करतात तशी.

व्यवहाराचं सांगायचं तर, बसताना पाय मूर्तीकडे करू नका, मागे दुमडून घ्या. उंबरठ्यावर पाय न देता ओलांडून जा. फुलं, तीन उदबत्त्या आणि मेणबत्ती असा जुडगा मिळतो, दान पेटीत टाका. दानधर्माला ते 'थाम बुन' म्हणतात, म्हणजे पुण्य करणं.

भंतेंशी बोलताना काय पाळायचं?

बायकांनी भंतेंना स्पर्श करायचा नाही आणि वस्तू थेट त्यांच्या हातात द्यायची नाही. समोर ठेवायची, किंवा ते कापड पसरतील त्यावर. आपल्याकडे काही विहारांत पायांना हात लावून वंदन करतात, ते इथे करू नका. दुरून हात जोडले की पुरे. भंते बसलेले असतील तर उभ्याने बोलू नका, खाली बसा. आशीर्वाद म्हणून पाणी शिंपडतात, मनगटाला पांढरा दोरा बांधतात. परित्राण पाठानंतर आपण बांधतो तोच. बाईच्या हाती तो बहुधा बांधत नाहीत, तळहातावर सोडतात.

'इंदिया' एवढं म्हणालात तरी पुष्कळदा चेहरा खुलतो. आपला देश त्यांच्या लेखी बुद्धाची जन्मकर्मभूमी. २०२३ च्या सुरुवातीला थायलंडचे भिक्खू परभणीहून दादरच्या चैत्यभूमीपर्यंत चालत आले होते, ते अनेकांना आठवत असेल. त्या वाटेवर आपल्या गावांनी रस्त्यावर फुलं अंथरली होती.

थाई राजेशाही पोशाख घालून फोटो काढायची सगळ्यांची धडपड दिसते. चालते का?

चालते. बाहेर पोशाख भाड्याने देणारी दुकानं आहेत, केस-गजऱ्यासह तयार करून देतात. थाई लोक स्वतःही हौसेने करतात. फक्त बुद्धमूर्तीकडे पाठ करून वेडेवाकडे आविर्भाव करू नका, मूर्तीपेक्षा उंच जागी चढू नका. पायऱ्यांवर फोटोसाठी रांग लागते तेव्हा वाट मोकळी ठेवा. परवानगीवाचून ड्रोन उडवू नका, नियम कडक आहेत.

बुद्धमूर्ती विकत घेऊन आणावी का?

छोटा ताईतासारखा तुकडा अंगावर असेल तर अडवत नाहीत. मूर्ती बाहेर न्यायला मात्र तिथल्या ललित कला खात्याचा परवाना लागतो. दुकानदार 'काही लागत नाही' म्हणतो, विमानतळावर अडवलं तर तो नसतो. नुसतं बुद्धाचं मस्तक असलेल्या शोभेच्या वस्तू घेऊच नका. थाई उपासकांना त्या दुखावतात, आणि मलाही.

कोणत्या पौर्णिमेला जावं?

आपल्याच पौर्णिमा त्यांच्याही आहेत. वैशाख पौर्णिमा म्हणजे 'विसाखा बुचा', माघ पौर्णिमा म्हणजे 'माखा बुचा', आषाढ पौर्णिमा 'आसान्हा बुचा'. यातलं बुचा म्हणजे पूजा. अधिक मासाचा हिशेब वेगळा असल्याने एखाद्या वर्षी तारखा महिन्याने सरकतात, तेवढं तपासून घ्या. संध्याकाळी हातात कमळ, उदबत्ती, मेणबत्ती घेऊन लोक उपोसथागाराला तीन प्रदक्षिणा घालतात. परक्यांनाही कोणी अडवत नाही.

आषाढ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा वर्षावास, म्हणजे भिक्खूंनी पावसाळ्यात एका जागी राहण्याचा काळ, लागतो. वर्षा या शब्दाचं तिथे 'फान्सा' झालं आहे. तो संपल्यावर महिनाभर 'कठीण चीवरदान', म्हणजे भिक्खूंना वस्त्रं देण्याचा विधी. वाट अरुणच्या चीवरदानाला खास मान आहे. मोठ्या प्रसंगी राजा नदीतून, नौकांच्या ताफ्यासह इथे चीवर घेऊन येतो. २७ ऑक्टोबर २०२४ ला असा सोहळा झाला, ५२ नौका होत्या. राजाच्या नौकेचं नाव सुफन्नहोंग, म्हणजे सुवर्णहंस. हे दरवर्षी होत नाही. पण त्या नौका ख्लाँग बँकॉक नोईवरच्या संग्रहालयात पाहायला मिळतात.

पाट्यांवरचं साल पाहून गोंधळू नका. तिथे बुद्धसंवत चालतो, इसवी सनात ५४३ मिळवायचे. २०२५ म्हणजे २५६८.

शाकाहारी माणसाचं काय?

मंदिराच्या दारात फळं, शहाळी, आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात मिळतो. जेवणात मात्र माशाचं पाणी, 'नाम प्ला', सगळीकडे पडतं. 'माई साय नाम प्ला' म्हणा, म्हणजे ते घालू नका. 'मांगसविरत' हा शब्द शाकाहाराला आहे, मांस-विरतच तो. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरांत 'जे' लिहिलेलं दुकान दिसलं तर तिथे मांस, मासे, अंडी, दूध आणि कांदा-लसूणही नसतं. वरणभाताची आठवण झाली तर पलीकडच्या काठावर पाहुरात हा भारतीय बाजार आहे, गुरुद्वाराही तिथेच.

जवळ आणखी काय पाहावं?

वाट फो पाहाच. ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध, तळपायांवर शिंपल्यातल्या मोतीरंगी तुकड्यांनी जडवलेली १०८ शुभचिन्हं. आधी वाट अरुण, मग बोटीने पलीकडे वाट फो, एवढं एका सकाळीत होतं. राजवाडा त्याच दिवशी उरकायच्या फंदात पडू नका, पाय बोलायला लागतात.

ता तियन भागाची लोककथा मुलांना सांगा. वाट फोचा आणि वाट चेंगचा राक्षस भांडले, इतके की मधली सगळी वस्ती भुईसपाट झाली. 'तियन' म्हणजे सपाट.

मोसम कोणता? कागदपत्रं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्च-एप्रिल आपल्या विदर्भासारखा, वर दमट. पावसाळ्यात सकाळ बहुधा कोरडी मिळते. व्हिसाचे नियम बदलत असतात, निघण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहा. १ मे २०२५ पासून आगमनाचं डिजिटल कार्ड भरावं लागतं. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत, सरकारी संकेतस्थळावर, फुकट. पैसे मागणारी संकेतस्थळं खोटी.

फक्त एकच तास असेल तर?

ता तियनहून बोटीने या. प्रांगपाशी एक भिंत, एक फूल, पाच मिनिटं. दोन यक्षांच्या मधून उपोसथागारात जा, वंदना म्हणा, नुसतं बसा. मग नदीकाठच्या बाकावर शहाळं घेऊन परतीच्या बोटीची वाट पाहा. बोट दर दहा-पंधरा मिनिटांनी येते.